डोळा दुखत नाही म्हणजे डोळा चांगला आहे असं नसतं

डोळ्यांच्या बाबतीत बहुतेकांचा हिशोब सोपा असतो. दुखतंय का, नाही. लाल झालाय का, नाही. दिसतंय ना, हो दिसतंय की. मग झालं तर, डोळे ठणठणीत. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत जायच्या आधी तुमचा नंबर, डोळ्यातलं प्रेशर वगैरे जी बघते ना, ती, आणि हा हिशोब लोकांना किती महागात पडतो हे वर्षानुवर्षं बघत आलेय म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. नजर कायमची घालवणारे जे मोठे आजार आहेत, काचबिंदू, डायबिटीसमुळे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, जिथे चित्र उमटतं तिथे, होणारा परिणाम, वयामुळे पडद्याच्या मधल्या भागाची होणारी झीज, ते बहुतेक वेळा सुरुवातीला अजिबात दुखत नाहीत. दुखतं ते डोळ्यात कचरा गेला की, डोळे आले की, रांजणवाडी झाली की, आणि यातलं बरंचसं आठ-पंधरा दिवसात बरंही होऊन जातं.

डोळे दोन असतात, गोम तिथेच आहे. एकाची नजर हळूहळू कमी झाली तर दुसरा सांभाळून घेतो आणि मेंदू दोन्हीकडचं चित्र इतकं बेमालूम जोडतो की आपल्याला पत्ताच लागत नाही. कितीतरी पेशंट असे येतात की चांगल्या डोळ्यात काहीतरी गेलं, तो चोळताना झाकला गेला आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की दुसऱ्या डोळ्याने समोरच्याचा चेहरासुद्धा नीट दिसत नाहीये. कधीपासून असं आहे विचारलं तर सांगता येत नाही, कसं येणार. म्हणून आत्ता हे वाचतानाच, चष्मा असेल तर तो लावूनच, एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका नुसता झाका, आणि समोर भिंतीवर जे काय असेल ते बघा, मग दुसरा झाका आणि तेच बघा. एका डोळ्याने फिकट, धुरकट, वाकडं किंवा मधेच पुसल्यासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि हे अचानक आज-काल झालं असेल तर आठवडाही थांबू नका. काहीच फरक नसेल तर छान, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका कारण काचबिंदू या टेस्टमध्ये सापडत नाही, का ते पुढे येईलच.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. नंबर काढून घेणं म्हणजे डोळे तपासून घेणं नव्हे. लोक म्हणतात मी दरवर्षी डोळे तपासतो, आणि खोदून विचारलं तर कळतं की फक्त चष्म्याचा नंबर बघितलाय, पडदा आजपर्यंत कुणी बघितलेलाच नाही. पूर्ण तपासणीत निदान चार गोष्टी व्हायला हव्यात. एक, प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी नजर आणि नंबर. दुसरी, हनुवटी टेकवून बसवतात त्या मशीनवर, त्याला स्लिट लॅम्प म्हणतात, बुबुळ, भिंग, पापण्या मोठ्या करून बघणं. तिसरी, डोळ्यातलं प्रेशर. आणि चौथी म्हणजे थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा आणि डोळ्याची नस बघणं. बाहुली न वाढवता मागचा पडदा बघणं म्हणजे दाराच्या फटीतून खोली बघण्यासारखं आहे, मधलं थोडंफार दिसतं, कडेचं राहून जातं.

बाहुली वाढवायच्या थेंबांचा लोकांना फार कंटाळा असतो, मी समजू शकते. थेंब थोडे झोंबतात, परिणाम व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो आणि नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. म्हणून त्या दिवशी स्वतः गाडी चालवत येऊ नका, कुणाला तरी सोबत आणा, गॉगल आणा, आणि महत्त्वाचं कागदपत्रांचं काम दुसऱ्या दिवशी ठेवा. पण आज नको, पुढच्या वेळी घालू असं म्हणून परत जाऊ नका, कारण ती पुढची वेळ तीन वर्षांनी येते हा माझा अनुभव आहे.

तक्रार काही नसली तरी चाळिशीत एकदा अशी पूर्ण तपासणी करून घ्यावी, मग डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने, आणि पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी. डायबिटीस असेल, जवळच्या नात्यात कुणाला काचबिंदू असेल, मायनस नंबर मोठा असेल किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर चाळिशीची वाट बघायचीच नाही.

मोतीबिंदूपासून सुरुवात करू कारण तो सगळ्यांना माहीत असतो आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत कमी घाबरण्यासारखा आहे. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं, वयाप्रमाणे ते गढूळ होत जातं, बस एवढंच. डायबिटीस, डोळ्याला मार लागणं, बरीच वर्षं स्टेरॉइड घेणं, सिगारेट, कडक ऊन यामुळे ते लवकर होतं. लक्षणं अशी की धुरकट दिसतं, रात्री समोरच्या गाडीचे लाईट फुटल्यासारखे पसरतात, रंग पिवळट वाटतात, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. काहींना तर गंमत वाटते की जवळचा चष्मा सुटला, आता बिनचष्म्याचा पेपर वाचता येतो, आणि नजर सुधारली म्हणून खूश होतात, पण ती बऱ्याचदा मोतीबिंदूचीच सुरुवात असते.

मोतीबिंदू विरघळवणारे कुठलेही थेंब, गोळी, काढा, मध असं काही नाही. खरंच नाही. ऑपरेशन हाच उपाय आणि ते फार चांगलं ऑपरेशन आहे. पूर्वी लोक मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे, आता ती गरज राहिलेली नाही, रोजच्या कामात अडचण यायला लागली, वाचन, ड्रायव्हिंग, जिने उतरणं, की करून घ्यायचं. उलट फार पिकू दिला तर भिंग कडक होतं, ऑपरेशन अवघड जातं आणि कधी कधी त्यामुळे डोळ्यातलं प्रेशर वाढून डोळा जातोसुद्धा.

ऑपरेशनमध्ये ३ मिलिमीटरहून लहान छेदातून अल्ट्रासाऊंडच्या कंपनांनी गढूळ भिंग फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेली कृत्रिम लेन्स आत सोडतात, ती आत जाऊन उलगडते. बहुतेक वेळा नुसत्या थेंबांनी डोळा बधिर करतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, टाका नाही, त्याच दिवशी घरी. ही कंपनांची पद्धत अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली आणि ती त्यांना दातांच्या डॉक्टरकडच्या मशीनवरून सुचली होती. आणि आत लेन्स बसवायची कल्पना त्याच्याही आधीची, लंडनमधले डोळ्यांचे डॉक्टर हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं होतं की दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकचे, तुकडे घुसले होते तरी डोळा त्यांना नाकारत नव्हता, मग तशाच पदार्थाची लेन्स करून त्यांनी ती १९४९ मध्ये पहिल्यांदा बसवली. त्याच्या आधी भिंग काढल्यावर जन्मभर जाडजूड चष्मा लावावा लागायचा.

लेन्स कुठली बसवायची यावर लोक फार गोंधळतात. मोनोफोकल म्हणजे एका अंतरावरचं छान दिसतं, सहसा लांबचं, आणि वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने चष्मा बराच सुटतो पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि चित्राची स्पष्टता थोडी कमी होते, त्यामुळे रात्री खूप गाडी चालवणाऱ्यांनी किंवा पडद्याचा, काचबिंदूचा आजार असणाऱ्यांनी ती घ्यायच्या आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावं. सिलिंडर नंबर मोठा असेल तर तो नंबर भरून काढणारी टोरिक लेन्स. माझं मत विचाराल तर महाग लेन्स म्हणजे चांगली लेन्स असं डोक्यात घेऊन जाऊ नका, तुम्ही दिवसभर काय काम करता ते डॉक्टरांना सांगा आणि त्यावरून ठरवा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी घेत असाल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर ऑपरेशनच्या आधी आवर्जून सांगा, त्या गोळीमुळे बाहुलीभोवतीचा भाग ऑपरेशनच्या वेळी सैल पडतो आणि डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते तयारीत राहतात. ऑपरेशननंतर दुखणं वाढायला लागलं, लाली वाढली, दिसायला कमी झालं तर त्याच दिवशी फोन करा, रात्र काढू नका, कारण आत इन्फेक्शन झालं तर एकेक तास मोलाचा असतो. हे क्वचित होतं, पण होतं. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धुरकट दिसायला लागलं तर मोतीबिंदू परत आला असं नसतं, लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते, लेझरने पाच मिनिटात साफ होते.

मोतीबिंदूमुळे गेलेली नजर ऑपरेशननंतर बहुतेक वेळा परत येते. काचबिंदूमुळे गेलेली येत नाही. दोन्हीतला हा फरक डोक्यात पक्का बसवा कारण काही लोक मोतीबिंदूच असेल, पुढे करू ऑपरेशन, असं समजून घरी बसतात आणि आतमध्ये काचबिंदू आपलं काम करत राहतो.

काचबिंदूत नेमकं काय होतं ते सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर पडत असतो. ती जाळी नीट काम करेनाशी झाली की द्रव साठतो, प्रेशर वाढतं आणि मागे मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर ताण येतो. त्या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात, ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू परत उगवत नाही. सुरुवातीला जातात ते बाजूचं दाखवणारे तंतू, मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा माणूस फाडफाड वाचतो आणि त्याच वेळी कडेची नजर निम्मी गेलेली असू शकते. म्हणून मघाशी म्हटलं की एक डोळा झाकून बघण्यात काचबिंदू सापडत नाही. लोक सांगतात की हल्ली दाराच्या चौकटीला खांदा लागतो, पायरी चुकते, बाजूने आलेली गाडी एकदम समोर दिसते, पण ते सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढं असतं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, प्रेशर २१ च्या आत असूनही नस खराब होणारे लोक असतात आणि २४ असूनही वर्षानुवर्षं काहीच न होणारेही असतात, शिवाय बुबुळ जाड असेल तर मशीन प्रेशर जास्त दाखवतं आणि पातळ असेल तर कमी. म्हणून नस प्रत्यक्ष बघायची, बुबुळाची जाडी मोजायची, द्रव बाहेर पडतो तो कोपरा उघडा आहे का बघायचा, ओसीटी नावाच्या स्कॅनने तंतूंच्या थराची जाडी मोजायची आणि फील्ड टेस्ट करायची. सगळं मिळून निदान होतं.

फील्ड टेस्टबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे लोक विनाकारण रडकुंडीला येतात. एक डोळा झाकून तुम्हाला एका अर्धगोल भांड्यासमोर बसवतात, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही लाईट चमकला की बटण दाबायचं. लाईट कधी लख्ख, कधी इतका मंद की दिसला का भास झाला कळत नाही. बाहेर आल्यावर बहुतेक जण म्हणतात, मॅडम माझं गेलं वाटतं, अर्धे लाईट दिसलेच नाहीत. अहो, मशीन मुद्दामच तसं करतं, अगदी निरोगी माणसालासुद्धा बरेचसे लाईट दिसत नाहीत, तुम्हाला दिसेनासा होण्याची हद्द कुठे आहे ते ती मशीन शोधत असते. तेव्हा घाबरून नुसतं दणादण बटण दाबत सुटू नका, शोधायला डोळे इकडेतिकडे फिरवू नका, दमलात तर बटण दाबून धरा किंवा आम्हाला सांगा, टेस्ट थांबवता येते. पहिली टेस्ट बऱ्याचदा खराब येते, दुसरी सुधारते, कारण हात बसतो.

उपचार म्हणजे प्रेशर खाली आणून तिथे धरून ठेवणं. थेंब, लेझर, ऑपरेशन असे तीन मार्ग. काही जणांना आता सुरुवातीलाच लेझर सुचवतात, तेही चांगलं आहे, काही वर्षं थेंब टळू शकतात. पण बहुतेकांना थेंब लागतात आणि ते आयुष्यभर. अडचण इथेच होते, कारण थेंब घालून नजर सुधारल्यासारखं काहीच वाटत नाही, उलट डोळे चुरचुरतात, लाल होतात, मग माणूस म्हणतो कशाला हे, आणि बंद करतो. बाटली संपली म्हणून औषध संपलं असं बीपीच्या गोळीत करत नाही ना आपण, इथेही करायचं नाही. लॅटानोप्रोस्टसारख्या थेंबांनी पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडू शकते, ते आधी माहीत असलेलं बरं. टिमोलॉल नावाच्या थेंबांनी मात्र दमा असलेल्यांना धाप लागू शकते आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात, त्यामुळे दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. कुठलाही त्रास होत असेल तर थेंब बदलून मिळतात, मनाने बंद करू नका.

आणि थेंब घालायचे कसे हे कुणी शिकवतच नाही. हात धुवा, मान मागे, खालची पापणी बोटाने ओढा म्हणजे खिसा तयार होतो, त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा हलकेच मिटा, घट्ट आवळू नका, आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवा. तिथून एक नळी नाकात जाते, ती दाबली की औषध घशात आणि रक्तात कमी जातं, डोळ्यात जास्त राहतं. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुवून काढतं. दोन-तीन थेंब घातल्याने जास्त गुण येत नाही, डोळ्यात एकसुद्धा थेंब पूर्ण मावत नाही, बाकीचं गालावर.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र प्रचंड दुखतो. द्रव बाहेर जायचा कोपरा अचानक बंद होतो, प्रेशर एकदम चढतं, डोळा लालबुंद, डोकं फुटेल असं दुखतं, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे लोक पोटाचं समजून भलतीकडेच जातात. लाल डोळा अधिक उलटी अधिक कमी दिसणं म्हणजे ताबडतोब डोळ्यांचं हॉस्पिटल. ज्यांचा कोपरा अरुंद आहे हे तपासणीत आधीच दिसतं त्यांच्यात, गरज वाटली तर, लेझरने बारीक छिद्र पाडून हा झटका टाळता येतो.

डायबिटीसकडे येऊ. साखर जास्त राहिली की पडद्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या कमजोर होतात, झिरपतात, काही बंद पडतात. पडद्याला रक्त कमी पडलं की तो नव्या वाहिन्या तयार करतो पण त्या इतक्या नाजूक की पटकन फुटतात, आत रक्तस्राव होतो आणि माणसाला एका सकाळी समोर काळे धागे, जाळी नाहीतर थेट अंधार दिसतो. आदल्या रात्रीपर्यंत त्याची नजर ६/६ असू शकते, म्हणजे एकदम उत्तम. म्हणून टाईप टू डायबिटीस असेल तर निदान झालं त्याच वेळी पडदा तपासायचा, कारण साखर किती वर्षं वाढलेली होती कुणास ठाऊक, आणि टाईप वन असेल तर साधारण पाच वर्षांनी सुरुवात करायची, पुढे दरवर्षी. आधीपासून डायबिटीस असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासायचं, गरोदरपणात हा त्रास झपाट्याने वाढू शकतो.

साखर आटोक्यात ठेवण्याने खरंच फरक पडतो का, असं विचारतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासात टाईप वनच्या ज्या पेशंटनी साखर काटेकोर सांभाळली त्यांच्यात पडद्याचा हा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. एवढा फरक कुठल्याही थेंबाने पडत नाही. बीपीही सांभाळायचं, ते लोक विसरतात.

पडद्याच्या मधल्या भागाला सूज आली तर डोळ्यात इंजेक्शन देतात, आणि हे ऐकूनच अर्धे पेशंट गायब होतात. त्यांच्यासाठी, प्रत्यक्षात काय होतं ते असं. बधिर करायचे थेंब घालतात, पापण्या आणि डोळा आयोडीनने साफ करतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून क्लिप लावतात, डॉक्टर म्हणतात वर बघा, पांढऱ्या भागात अतिशय बारीक सुई जाते, थोडा दाब जाणवतो, झालं. सुई डोळ्यात असते ती काही सेकंद. नंतर दिवसभर रेती गेल्यासारखं टोचतं ते बहुधा आयोडीनमुळे, आणि पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तो आपोआप जातो. सुरुवातीला महिन्याला एक अशी काही इंजेक्शनं लागतात, मधेच सोडली तर सूज परत येते. लेझरही करतात, पण लेझर नजर वाढवायला नसून आहे ती वाचवायला असतं हे आधीच समजून घ्या, नाहीतर लेझर करूनही दिसत नाही म्हणून लोक चिडतात.

वयामुळे पडद्याचा मधला भाग झिजतो त्यात सरळ रेघा वाकड्या दिसतात, दाराची चौकट मधेच पोटात आल्यासारखी, वहीच्या ओळी नागमोडी, माणसाचा चेहरा मधेच धूसर आणि कडेचं सगळं ठीक. यात कोरडा आणि ओला असे दोन प्रकार, कोरडा हळू चालतो, ओल्यात आत रक्त आणि पाणी झिरपतं आणि काही आठवड्यांत मधली नजर जाऊ शकते, तिथे पुन्हा तीच इंजेक्शनं लवकर दिली तर बरीच नजर वाचते. कोरड्या प्रकाराच्या मधल्या टप्प्यात ठरावीक व्हिटॅमिन, झिंक, ल्यूटिनच्या गोळ्यांनी पुढे जाण्याचा वेग कमी होतो, पण डोळे चांगले राहावेत म्हणून निरोगी माणसाने त्याच गोळ्या खाण्यात अर्थ नाही. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी, किंवा पूर्वी ओढत होते त्यांनी, बीटा कॅरोटीन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो असं दिसलंय. सिगारेट सोडणं हाच खरा उपाय.

डोळ्यासमोर एखादा ठिपका, धागा तरंगणं हे वय वाढल्यावर बऱ्याच जणांना होतं, काही नाही त्यात. पण अचानक खूप ठिपके आले, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखं वाटलं तर मागचा पडदा फाटलेला किंवा सुटत असलेला असू शकतो, मायनस नंबर मोठा असणाऱ्यांत जास्त. नुसता फाटलेला असताना सापडला तर लेझरवर भागतं, सुटला की मोठं ऑपरेशन. त्यामुळे सोमवारी दाखवू असं करू नका, त्याच दिवशी जा. तसंच एका डोळ्याने न दुखता अचानक दिसायचं बंद झालं, मग ते पाच मिनिटांत परत आलं तरी, तो डोळ्याचा स्ट्रोक असू शकतो, थेट हॉस्पिटल गाठा. आणि डोळ्यात चुना, ॲसिड, साफसफाईचं केमिकल गेलं तर हॉस्पिटलला निघायच्याही आधी जवळ जे स्वच्छ पाणी असेल त्याने डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा. चुना तर ॲसिडपेक्षा वाईट, तो आत आत जात राहतो. हे आधी धुणं डॉक्टरांच्या कुठल्याही औषधापेक्षा जास्त वाचवतं.

डोळे येणं बहुतेक वेळा व्हायरसमुळे असतं, एक-दोन आठवड्यांत जातं. नुसतं बघितल्याने पसरत नाही, हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने पसरतं. थंड पट्ट्या, हात धुणं, टॉवेल वेगळा, बास. पण डोळा लाल असून जोरात दुखतोय, उजेड सहन होत नाहीये, दिसायला कमी झालंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, किंवा तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स लावता आणि डोळा लाल झालाय, तर ते डोळे येणं समजायचं नाही, बुबुळाला जखम असू शकते. लेन्स लावून झोपणं आणि लेन्स नळाच्या पाण्याने धुणं या दोन सवयींनी खूप डोळे खराब होतात.

आणि प्लीज, मेडिकलमधून मनाने थेंब आणून घालू नका. लाली झटकन घालवणाऱ्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. झाडाची काडी, पान लागून बुबुळावर बुरशीचं इन्फेक्शन झालेलं असेल आणि त्यावर स्टेरॉइड पडलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुबुळ सडतं. ॲलर्जीवाल्या मुलांना तर आई-वडील तीच जुनी बाटली महिनोन्महिने घालत राहतात, खाज थांबते ना म्हणून, आणि प्रेशर वाढून मुलाची नस खराब होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्टेरॉइडमुळे काचबिंदू झालेला बघणं यापेक्षा वाईट माझ्या कामात दुसरं काही नाही, कारण हे शंभर टक्के टाळता आलं असतं.

मुलांचं एवढंच की ती तक्रार करत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. शाळेत घालायच्या आधी, तीन-चार वर्षांचं असताना, एकदा तपासा. एका डोळ्याला नंबर जास्त असेल किंवा तिरळेपणा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो आणि तो आळशी होतो, सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तो बहुतेकदा सुधारतो, नंतर अवघड होत जातं. तिरळेपणा नशिबवान असतो वगैरे ऐकून थांबू नका. फ्लॅशच्या फोटोत मुलाच्या एका बाहुलीत पांढरी चमक दिसली तर लगेच दाखवा, डोळ्यातल्या गाठीचं ते लक्षण असू शकतं. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हेही खरं नाही, कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही वाढायचा थांबत नाही. रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणं याचा मात्र उपयोग होतो, आणि नंबर भराभर वाढत असेल तर कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब डॉक्टर देऊ शकतात.

स्क्रीनमुळे डोळे कोरडे पडतात कारण आपण टक लावून बघताना पापण्या मिटायचं विसरतो. दर वीस मिनिटांनी लांब बघा, मुद्दाम पूर्ण पापण्या मिटा, पंख्याचा, एसीचा झोत तोंडावर घेऊ नका, शेकही बरा वाटतो, आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. डोळ्यातून सतत पाणी येतं तेसुद्धा कधी कधी कोरडेपणामुळेच असतं, हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही.

तपासणीला येताना जुना आणि नवा दोन्ही चष्मे आणा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी किंवा सरळ पाकिटं आणा, डोळ्यात घालत असलेल्या बाटल्या आणा मग त्या कुणीही दिलेल्या असोत, आम्ही रागावत नाही, आम्हाला फक्त कळायला हवं. जुने ओसीटी आणि फील्ड टेस्टचे रिपोर्ट असतील तर ते फाईलला लावून आणा, कारण काचबिंदूत आजच्या एका रिपोर्टपेक्षा दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टशी तुलना करून जास्त कळतं. आणि तुम्हाला काचबिंदू निघाला तर भावाला, बहिणीला, मुलांना त्याच आठवड्यात फोन करून सांगा, त्यांनी प्रेशर आणि नस दोन्ही तपासून घ्यायला हवं, मग त्यांना कितीही छान दिसत असलं तरी.